हुकूमशहाचे कपडे कोण धुतं

आईला आबांच्या तावडीतून जिवंत बाहेर काढायचं, एवढं एकच काम त्या वर्षी माझ्यापुढे होतं. आबा म्हणजे माझे वडील. चाकणला कंपनीच्या स्टोअरमध्ये माल लावून घेताना, घरी भाजी फोडणीला टाकताना, डोक्यात तेच चाललेलं असायचं. रावेतच्या फ्लॅटमधली आतली खोली मी तिच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. नवऱ्याची हरकत नव्हती, मुलगी तर आजी येणार म्हणून खूश होती. अडून बसली होती ती आईच. कितीही समजावलं तरी ती म्हणायची, "बघू की." तिचं घर पुनावळ्याला, तिथून रावेत किती लांब? पण तेवढं अंतरसुद्धा तिचं ते 'बघू की' ओलांडत नव्हतं.

आबांचा हात लहानपणापासून बघितलेला. मी सातवीत असेन तेव्हाची गोष्ट सांगते. त्या काळात आबांचे बैल पंचक्रोशीत नावाजलेले. आमच्याकडे यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या शर्यती होतात, आणि बैल पळायच्या त्या वाटेला घाट म्हणतात. त्या दिवशी घाटात आमचा डावा बैल मध्येच बुजला, वाट सोडून गर्दीत शिरला. लोक हसले. ते हसणं आबांच्या कानात घरापर्यंत वाजत राहिलं असावं. आल्या आल्या त्यांनी बैलाला गोठ्यापुढच्या खांबाला आखूड बांधलं आणि पराणी घेतली. पराणी म्हणजे टोकाला लोखंडी आर ठोकलेली, बैल हाकायची काठी. हाकताना ती नुसती टोचायची असते. आबांनी ती खुपसली. आर मागच्या पुठ्ठ्यात जायची आणि बाहेर येताना रक्ताची चिळकांडी उडायची. बैलाला खाली बसायचं होतं, पण दावं आखूड असल्यामुळे बसता येत नव्हतं. तो अर्धवट लटकत होता आणि आबा त्याला आयाबहिणींवरून शिव्या घालत होते.

आई पिठाच्या हातांनी धावत गेली आणि मधे उभी राहिली. आबा थांबले नाहीत. बैलाला मारत होते तसेच तिला मारत राहिले. पाठीवर, दंडावर, डोकं झाकायला वर केलेल्या हातांवर. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हाची वाकडी आहेत. ओट्यावर शर्यतीहून आलेली माणसं बसली होती, गावातली चांगली मोठी माणसं. त्यातला एकजण म्हणाला, "आबा, चहा निवतोय." आबांनी पराणी भिंतीला टेकवली, हात धुतले आणि जाऊन चहा प्याला. मी दाराआड उभी राहून हे पाहिलं. पुढे आयुष्यात मला कुणाचाही एवढा राग आला नाही, जेवढा त्या चहाची आठवण करून देणाऱ्या माणसाचा आला.

असे आबा म्हातारे झाले. रानं गेली, म्हणजे त्यांनी स्वतःच दिली. ओढ्याकाठच्या ज्या तुकड्याला आम्ही खालची पट्टी म्हणायचो, तिथे आता उंच इमारती आहेत, पोहायचा तलाव आहे आणि गेटवर गणवेशातला वॉचमन आहे. त्या पैशांतून तीन मजली घर झालं, दादानं कंपन्यांना लावायला बस घेतल्या. सगळं आबांच्या सहीनं आणि आबांच्या मर्जीनं झालं. आणि मग त्यांच्या डोक्यातून हे सगळं पुसलं जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मेंदू आक्रसत चाललाय, जुनं राहील, नवं जाईल. गेलंही तसंच. इमारती गेल्या आणि रान परत आलं. मेलेले बैल परत गोठ्यात आले.

सकाळी उठल्या उठल्या आबा विचारायचे, "पानी सोडलं का खालच्या पट्टीला?"

नाही म्हटलं की संपलं. बीडकडून आलेली माझी वहिनी सुरुवातीला एकदा खरं बोलून गेली, "मामंजी, तिथं बिल्डिंगा झाल्यात की आता." तर चहाचा उकळता कप तिच्या अंगावर आला. दादानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, हो ला हो म्हणा, त्यांना शांत ठेवा. तेव्हापासून घरात हो चा कारभार सुरू झाला. पाणी सोडलं का? सोडलं. बैलांना पेंड घातली का? घातली. गडी आले का? आले. दादा बुटांना चिखल लावून यायचा, रानातून आलोय म्हणून. पराणी मागितली की पराणी हातात द्यायची, नाहीतर आबा भिंतीवर डोकं आपटून घ्यायचे. त्यांचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता, पेल्यातलं पाणी तोंडापर्यंत जाता जाता निम्मं सांडायचं. पण पराणी हातात आली की थरथर थांबायची. वहिनी त्या काठीला आठवड्याला तेल लावायची. खोटं नाही सांगत, तेल लावायची.

उसाची भानगड दादाच्या डोक्यातून निघाली. आबांनी हट्ट धरला की ऊस केवढा झालाय ते मला दाखवा. आता ऊस आणायचा कुठून? दादा गेला हायवेला, रसवंतीवाल्याकडून चांगले जाडजूड दोन ऊस घेऊन आला. मोठ्या रुबाबात आबांपुढे ठेवले. शेतकऱ्याच्या पोरानं शेतकऱ्याला रसवंतीचा ऊस दाखवायचा, ही अक्कल फक्त आमच्याच घरात निघू शकते. रसवंतीचा ऊस घासून सोललेला, शेंडा छाटलेला. आबांनी तो मांडीवर घेतला, पेरांवरून बोट फिरवलं. बायकोचं नाव विसरलेला माणूस, पण पेर विसरला नव्हता.

"ह्यो आपला ऊस न्हाई," ते म्हणाले. "आपला ऊस कुनाला इकलास गं?"

हे आईला. ऊस आणला दादानं, पण विचारलं आईला. आई म्हणाली, "न्हाई वो, आपलाच हाय." तिला तसंच सांगायला सांगितलं होतं. पहिला तडाखा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वहिनीला स्वयंपाकघरात ऐकू आला. दुसऱ्या वेळी त्यांनी पराणी उलटी धरली आणि आर घुसवली, मानेच्या बाजूला, खांद्याच्या वरच्या मांसात. बोटभर इकडे असती तर आई तिथेच गेली असती. आई खाली बसली तरी ते मारतच होते आणि विचारत होते, कुनाला इकलास, कुनाला इकलास. दादानं मागून कवळ घातली तेव्हा थांबले. मग दमले, आणि म्हणाले, जेवायला वाढा.

हॉस्पिटलमध्ये काय सांगितलं असेल? पाय घसरून पडल्या. मानेतल्या भोकाबद्दल विचारल्यावर दादा म्हणाला, खाली लोखंडी जाळी होती. डॉक्टरीणबाईंनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "व्हय, जाळी व्हती."

मी त्या दिवशी दादाशी भांडले ते आवाज बसेपर्यंत. तो म्हणाला, "अगं, ते आजारी आहेत. आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं?" मी म्हणाले, आजारी नव्हते तेव्हा काय वेगळं करत होते? तो बिल भरायला निघून गेला. माझ्याकडे दुसरा काय उपाय होता? आईला उचलून आणायचं. आणि आई हाताला प्लॅस्टर, मानेला पट्टी घेऊन म्हणत होती, बघू की.

एक गोष्ट मात्र त्या मोडलेल्या हाडानं दिली. आबांच्या राज्यात बाईनं बाहेर जायच्या जागा दोनच, देऊळ आणि दवाखाना. प्लॅस्टर निघाल्यावर खांद्याच्या व्यायामासाठी दर गुरुवारी तिला न्यायचं ठरलं, कारण माझी सुट्टी गुरुवारची. व्यायाम काही आठवड्यांत संपले. गुरुवार आम्ही चालूच ठेवले. एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत मारून आई माझ्या स्कूटीवर बसायची आणि आम्ही कुठेही जायचो. भेळ खायला, साड्या नुसत्या बघायला, आळंदीच्या वाटेवर चऱ्होलीला माझ्या मावशीकडे. तेवढे तीन तास ती बरी दिसायची. प्रत्येक वेळी परतताना मी रावेतच्या चौकात गाडी हळू करायची, की आज तरी म्हणेल, चल तुझ्याकडे. ती पाकीट सावरून बसायची.

एका गुरुवारी मी तिला मॉलमध्ये नेलं. तिनं थिएटर पाहिलं होतं ते लग्नाआधी. दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं पाकिटाकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, बाहेरचं खायचं नाही ना त्यात?" आई म्हणाली, "हाडं हायती माझी." तो बिचारा बाजूला झाला.

मला हसायचा सिनेमा बघायचा होता. पण गुरुवार म्हणजे सिनेमाच्या आठवड्याचा शेवटचा दिवस, दुपारच्या खेळाला जे उरलेलं असेल ते. उरला होता एक परदेशी युद्धाचा सिनेमा, हिंदीत डब केलेला. पोस्टरवर जळणारं शहर आणि एका म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा. म्हटलं, एसी तर मिळेल. आत पंधरावीस माणसं, त्यातली निम्मी रात्रीची शिफ्ट करून आलेली कंपनीची पोरं. ती कुठलाही सिनेमा घेतात, कारण खुर्ची मऊ असते. नावांच्या पाट्या लागायच्या आत त्यांची घोरणी सुरू झाली.

सिनेमा होता एका हुकूमशहाच्या शेवटच्या दिवसांचा. जमिनीखालची खोली, टेबलावर नकाशा, भोवती बिल्ले लावलेले अधिकारी. वर शहरावर बॉम्ब पडतायत आणि खाली हा विचारतोय, "हमारी उत्तर वाली फ़ौज कहाँ है?" अधिकारी एकमेकांकडे बघतात. ती फौज कधीच मेलेली. ते बर्फात मरून पडलेले लोक आम्हाला आधीच दाखवलेले, तोंडं उघडी, डोळ्यांवर कावळे. पण एक अधिकारी पुढे होतो आणि म्हणतो, "रास्ते में है, सर." म्हातारा मान हलवतो. नकाशावर एक लाकडी ठोकळा पुढे सरकवतो. आणि पाठीमागे लपवलेला त्याचा हात कॅमेरा दाखवतो. थरथरणारा.

मी आईकडे बघायचं टाळलं. तीच माझ्या कानाशी वाकली. "ह्याची कापडं कोन धुतं गं?" तिनं विचारलं.

"काय?"

"ह्याला एवढं हाताचं व्हतंय म्हंजी लघवीचं बी व्हत असंल. कोन धुतं?"

मी म्हणाले, असेल कुणी बाई. ती म्हणाली, "तिला दाखवत्यात का बघू."

नाही दाखवली. दाखवलं ते वर. वर शहरात लोक तळघरांत दडून बसलेले, आणि खालून हुकूम सुटलेला की तळघर सोडून रस्त्यावर येईल तो गद्दार, त्याला आपल्याच सैनिकांनी गोळी घालायची. एका म्हाताऱ्यानं खिडकीत पांढरी चादर टांगली म्हणून त्याला त्याच चादरीनं दिव्याच्या खांबाला लटकवला. त्याचे पाय बराच वेळ हलत राहिले, आणि एका पायातला बूट निघून खाली पडला. चौकात पाण्याची टाकी होती, आणि तळघरात पोरं पाणी पाणी करत होती. एक बाई बादली घेऊन निघाली. अंगात तपकिरी कोट, डोक्याला फडकं. भिंतीला धरून, वाकून वाकून टाकीपर्यंत गेली, बादली भरली, आणि परत फिरल्यावर तिला गोळी घातली. पोटात. ती लगेच मेली नाही. पडल्या पडल्या तिनं बादली सरळ धरून ठेवली होती, पाणी सांडू नये म्हणून. मग आणखी एक गोळी, तोंडावर. बादली आडवी झाली. थोड्या वेळानं दुसरी बाई रांगत आली, पहिलीच्या अंगावरून हात लांबवून तिनं बादली ओढली आणि पुन्हा टाकीकडे निघाली.

आई उठून उभी राहिली. भर थिएटरात, पाकीट छातीशी धरून. "आरं घेऊ द्या की पानी तिला!" ती ओरडली. "काय जातंय तुमच्या बापाचं!"

कंपनीची दोन पोरं दचकून जागी झाली. एकानं विचारलं, "संपला का?" मी आईला खाली बसवलं. तिचं अंग तापलं होतं, ताप आल्यासारखं. पडद्यावर दुसऱ्या बाईलाही मारलं. आणि लगेच खाली, त्या खोलीत, हुकूमशहा केक खात होता आणि मागे व्हायोलिन वाजत होतं.

त्या व्हायोलिननं माझं डोकं फिरलं. बायका मेल्या तेव्हा नुसते गोळ्यांचे आवाज. ह्याचा हात थरथरला, हा एकटा बसला, ह्यानं कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, की व्हायोलिन. म्हणजे आम्ही काय करायचं? बिचारा म्हणायचं? ज्या कुणी तो सिनेमा काढला त्याला म्हणावं, आमच्या घरी येऊन महिनाभर राहा. पेला धरता येत नाही म्हणून जीव तुटतो, आणि मग त्याच हातात काठी दिली की कळतं. मी रागानं दातओठ खात बसले होते. आई मात्र आता वेगळ्याच तऱ्हेनं बघत होती, पुढे सरकून, समोरच्या खुर्चीला हात लावून, घरात टीव्हीवरची मालिका बघते तशी.

शेवटाकडे अधिकारी पळून जातात. कुणी गणवेश काढून, कुणी गाडी घेऊन. उरते एक म्हातारी स्वयंपाकीण. हुकूमशहा तिला विचारतो, उत्तरेची फौज आली का. ती टेबल पुसत असते. पुसता पुसता म्हणते, "नहीं आई. मर गई. कब की." तो थिजतो. मग किंचाळतो, हिला बाहेर न्या, गोळी घाला. कुणी येत नाही. तो पुन्हा ओरडतो. रिकाम्या बोळात त्याचाच आवाज फिरतो. म्हातारी टेबल पुसून फडकं पिळते. तो खुर्चीत बसतो आणि त्याचं तोंड उघडंच राहतं.

"बघितलंस?" आई म्हणाली. "शिपाई न्हाईत आता त्याच्याकडं."

बाहेर पडल्यावर आम्ही पार्किंगमध्ये उन्हात उभ्या होतो. मी हेल्मेट घालत होते. आई म्हणाली, "त्या पानीवाल्या बाईला त्यानं कुठं मारलं? त्यो तर खाली बसला व्हता. हात हालत व्हता त्याचा. मारलं दुसऱ्यांनीच." मी म्हणाले, हो, पण हुकूम त्याचा होता ना. ती म्हणाली, "हुकूम म्हंजी काय? आवाजच की नुसता." मग म्हणाली, "आपल्याकडं काठी कोन देतं त्येंला?"

मी स्कूटी सुरू केली. रावेतच्या चौकात मी सवयीनं गाडी हळू केली. ती म्हणाली, "चल घरी."

"कुठल्या?"

"पुनावळ्याला. पुढच्या गुरुवारी बघू."

हे 'बघू' आधीच्यासारखं नव्हतं, असं मला वाटलं. पुढच्या गुरुवारी ती येणार, असं मी धरून चालले. गादीवर नवी चादर घातली. मुलीनं भिंतीवर कागदाची फुलं लावली.

दोन दिवसांनी दादाचा फोन, मी कंपनीत असताना. "काय बघायला नेलं होतंस तिला? डोकं फिरलंय तिचं." झालं होतं असं की आईनं पराणी उचलून मागच्या अंगणातल्या बंबात घातली. सोलर आल्यापासून तो तांब्याचा बंब कुणी पेटवत नव्हतं, तिनं पेटवला. तेल पाजलेली काठी, चांगली भडकली म्हणे. आबांनी पराणी मागितल्यावर ती म्हणाली, जाळली. आणि पाण्याचं विचारल्यावर म्हणाली, रान नाही आपलं. आबांनी डाव्या हातानं तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला. तिनं रक्त पदरानं पुसलं आणि पुन्हा सांगितलं, रान नाही आपलं. त्यांनी लाथ घातली, तिनं पुन्हा सांगितलं. दादा मधे पडला तर त्याला म्हणाली, "तू हो म्हनलास तर ह्या घरात पानी पिनार न्हाई मी." दादा फोनवर जवळजवळ रडत होता. "डॉक्टरांनी बजावलंय, त्यांना धक्का द्यायचा नाही. आबा लहान पोरासारखे रडतात गं. शेजारी ऐकू जातं. तू घेऊन जा तिला, तुझ्याकडे ठेव."

जे मी वर्षभर मागत होते ते आता दादाच मागत होता. गुरुवारी मी नवऱ्याची गाडी घेऊन गेले, तिचं सामान बसावं म्हणून.

सकाळचे अकरा वाजले असतील. वहिनी दारातच भेटली. "आत्याबाई ऐकंनात," ती हळूच म्हणाली, "मी बी आता मधी पडत न्हाई." आत आबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. आई समोर स्टुलावर, मांडीवर भाताची वाटी. तिचा ओठ सुजून निळा झाला होता, गालावर बोटं उमटलेली. आबांचे दोन्ही हात चादरीवर पडले होते आणि थरथरत होते. उजव्या मनगटावर आईच्या बोटांचे वळ होते. दाबून धरल्याचे. ते मी पाहिले आणि पाहिले नाहीत असं केलं.

"पानी सोडलं का खालच्या पट्टीला?" आबांनी विचारलं.

"रान न्हाई आपलं," आई म्हणाली. अगदी शांतपणे, वरण आणखी हवंय का विचारावं तसं. "तुमी इकलं. तिथं बिल्डिंगा हायत्या."

"कोन म्हनतं?"

"मी म्हनते."

आबांनी दाराकडे पाहिलं. "ए, कोन हाय रं तिकडं? हिला बाहीर काढा!" दारात मी होते आणि वहिनी. आम्ही हललो नाही. ते परत आईकडे वळले. "बैल कुठं हायती?"

"मेले. डावा तुमी मारला. आर खोल गेली व्हती, जखमंत आळ्या पडल्या, आन् मेला. त्याच काठीनं मला मारलं. ही बोटं बघा." तिनं वाकडी बोटं त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. मग पदर बाजूला करून मान दाखवली. "आन् हे बघा. हे उसापायी. ऊस नव्हताच. रसवंतीचा व्हता."

आबा बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी रागानं फुगला, हात उचलायला गेले, पण तो चादरीवरून वर यायला तयार नव्हता. मग चेहरा ढासळला. "मी?" ते म्हणाले. "मी मारलं तुला? कवा?" आणि रडायला लागले. नाक वाहायला लागलं, लाळ गळायला लागली. माझ्या जन्मात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली. त्या व्हायोलिनवाल्याला शिव्या घालणारी मी, माझेच डोळे भरून आले, आणि स्वतःचीच चीड आली. आईचे डोळे कोरडे होते. तिनं टॉवेलनं त्यांचं नाक पुसलं, हनुवटी पुसली, एक घास भरवला. आबांनी हुंदके देत तो चावला. चावता चावता हुंदके कमी झाले. चेहरा निवळला. ते खिडकीकडे बघायला लागले. सगळं पुसलं गेलं होतं.

"रोज असंच चालू हाय," वहिनी माझ्या मागून पुटपुटली. "दिवसभर. त्येंला दर वेळी नवंच असतंय."

मी आत गेले. आईच्या खांद्यावर हात ठेवला, चांगल्या खांद्यावर. "आई, पुरे. ऊठ. गाडी आणलीय. तुझी खोली तयार आहे. इथे तुला आता कशासाठी राहायचंय?"

तिनं वाटी बाजूला ठेवली. माझ्याकडे पाहून हसली. सुजलेल्या ओठामुळे ते हसू तिरकं आलं.

"जा तू, पोरी," ती म्हणाली. "ह्या घरात आत्ता कुठं मला बोलाया मिळतंय."

आणि ती आबांकडे वळली, कारण त्यांनी पुन्हा पाण्याचं विचारलं होतं.